पन्नास पेन्सवरचा कोल्हा

दक्षिण अटलांटिक महासागरातल्या फॉकलंड बेटांनी १९८० साली पन्नास पेन्सचं नवं नाणं काढलं. सात बाजूंचं, तीस मिलिमीटर रुंद, साडेतेरा ग्रॅम वजनाचं, हातात घेतल्यावर भरीव लागणारं. एका अंगाला राणी दुसरी एलिझाबेथ, दुसऱ्या अंगाला कोल्ह्यासारखा दिसणारा एक प्राणी. बेटावरची माणसं त्याला ‘वॉरा’ म्हणत. हे नाणं दुकानादुकानांतून फिरू लागलं तेव्हा वॉरा जगातून नाहीसा होऊन शंभर वर्षं उलटली होती. मग १९८२ मध्ये वीस पेन्सचं नाणं आलं. त्यावर आहे रोमनी मार्श जातीची मेंढी. वॉरा मारला गेला तो या मेंढ्यांपायीच. तेव्हापासून दोघं एकाच खिशात शेजारी शेजारी वावरत आहेत.

दूरच्या बेटांची नाणी मी पाहतो ती या अशा जोड्यांसाठी. जगभरचे संग्राहक ती गोळा करतात, कारण त्यांच्यावर पेंग्विन, कासवं, देवमासे असतात आणि ती दिसायला देखणी असतात. पण प्रत्येक प्राण्यामागे त्या बेटाचा जमाखर्च असतो: कोण मुळातला, कोण जहाजातून आला, कोणी कोणाला संपवलं, आणि शेवटी कोणाला परत आणता आलं. तो वाचता येऊ लागला की दहा पेन्सचं नाणंही पुस्तकाइतकं बोलतं.

वॉराची हकिकत थोडी सविस्तर सांगायला हवी. फॉकलंडवर माणूस स्थायिक झाला तेव्हा वॉराशिवाय जमिनीवर राहणारा दुसरा एकही सस्तन प्राणी तिथे नव्हता. १६९० मध्ये जॉन स्ट्राँग या इंग्रज कप्तानाच्या माणसांनी तो पाहिला आणि एक जहाजावर घेतला. पुढे तोफ उडाल्याच्या आवाजाने बिथरून त्याने समुद्रात उडी टाकली. १८३३ आणि १८३४ मध्ये चार्ल्स डार्विन ‘बीगल’ जहाजातून तिथे आला. हा प्राणी माणसाला अजिबात बुजत नाही, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. गाउचो, म्हणजे दक्षिण अमेरिकेतले घोडेस्वार गुराखी, एका हातात मांसाचा तुकडा धरत आणि दुसऱ्या हातातल्या सुरीने त्याला मारत. वॉरा मांसासाठी जवळ यायचा. ही बेटं नीट वसली की थोड्याच वर्षांत हा कोल्हा डोडोच्या रांगेत जाऊन बसेल, असं डार्विनने लिहून ठेवलं.

त्याचं म्हणणं खरं व्हायला फार काळ लागला नाही. आधी अमेरिकन व्यापाऱ्यांनी कातड्यासाठी शिकार केली. मग १८६० च्या दशकात स्कॉटलंडहून मेंढपाळ आले आणि त्यांनी विष घातलं. १८६८ मध्ये एक जिवंत वॉरा लंडनच्या प्राणिसंग्रहालयापर्यंत पोहोचला होता. पश्चिम फॉकलंडवर १८७६ मध्ये मारला गेलेला वॉरा शेवटचा मानतात. एक गोष्ट मात्र मागे राहिली. पूर्व आणि पश्चिम फॉकलंडवरचे वॉरा एकमेकांपासून वेगळे दिसतात असं डार्विनला सांगण्यात आलं होतं. गालापागोसच्या कासवांबरोबर आणि पक्ष्यांबरोबर त्याने या कोल्ह्याचीही नोंद केली. सजीवांच्या जाती कायमच्या ठरलेल्या असतात, या समजाला अशा निरीक्षणांनी तडा जाईल, हे त्याला त्या टिपणांतच जाणवलं होतं. उत्क्रांतीच्या विचाराला हातभार लावणारा प्राणी मेंढ्यांच्या रखवालीत विषाने गेला.

फॉकलंडची स्वतःची नाणी सुरू झाली १९७४ मध्ये. एक पेनीवर जेंटू पेंग्विनची जोडी, दोन पेन्सवर रानहंस, पाच पेन्सवर काळ्या भुवईचा अल्बाट्रॉस, दहा पेन्सवर सागरसिंह. या रानहंसांनी मेंढ्यांचं गवत खाल्लं म्हणून एके काळी त्यांच्या चोचींमागे बक्षीस दिलं जाई. पेंग्विन तेलासाठी कढईत उकळले गेले. काळ्या भुवईच्या अल्बाट्रॉसची जगातली दोन तृतीयांशाहून अधिक संख्या याच बेटांवर अंडी घालते. मासेमारी जहाजांच्या मैल मैल लांबीच्या दोरांवरच्या गळांना लावलेलं आमिष गिळायला जाऊन हे पक्षी बुडून मरतात, आणि त्यावर उपाय शोधण्यात फॉकलंडचे लोक बरीच वर्षं गुंतले आहेत. सुमारे साडेतीन हजार वस्तीचा हा मुलूख. रोजच्या सुट्ट्या पैशांवर त्याने आपलं सगळं रान मांडून ठेवलं आहे.

आपल्याकडेही पंचवीस पैशांवर गेंडा होता, तो अनेकांना आठवत असेल. पण आपल्यासाठी गेंडा हा शेकडो प्राण्यांतला एक. लहान बेटाचं तसं नसतं. राजवाडा नाही, सांगण्याजोगा प्राचीन राजवंश नाही. ज्याच्यावरून जगाने ओळखावं असं त्याच्याकडे बहुतेक वेळा एखादा पक्षी किंवा कासवच असतं.

हा प्रकार किती जुना आहे ते पाहायला बर्म्युडाला जावं लागतं. १६०९ च्या जुलैमध्ये व्हर्जिनियाला निघालेलं ‘सी व्हेंचर’ हे इंग्रज जहाज वादळात सापडून या बेटांच्या खडकांवर अडकलं. किनाऱ्याला लागलेल्या माणसांना रानात डुकरं सापडली. आधीच्या कोणा खलाशांनी ती तिथे सोडली होती. त्या डुकरांवर लोक जगले. पुढे रीतसर वसाहत झाली आणि १६१६ च्या सुमारास बेटांसाठी नाणी आली: तांब्याची, वरून चांदीचा पातळ मुलामा, एका बाजूला जहाज आणि दुसऱ्या बाजूला रानडुक्कर. डुकराच्या डोक्यावर रोमन आकड्यात किंमत. दोन, तीन, सहा आणि बारा पेन्स. इंग्रजांच्या अमेरिकेकडच्या वसाहतींसाठी पाडलेली ही पहिली नाणी. लोक त्यांना ‘हॉग मनी’, डुकरांचा पैसा, म्हणू लागले. व्यवहारात मात्र तंबाखूच जास्त चालायची. हा मुलामा दिलेला पत्रा कोणाला फारसा भावला नाही.

त्या डुकराच्या चित्रामागे दुसरा एक पक्षी दडलेला आहे. बर्म्युडाला जुने खलाशी सैतानाची बेटं म्हणत, कारण रात्री तिथून भेसूर आवाज येत. ते आवाज काहाऊ या समुद्रपक्ष्याचे. पेट्रेलच्या कुळातला हा पक्षी जमिनीत बीळ करून अंडी घालतो आणि जगात फक्त बर्म्युडावरच घालतो. डुकरांनी बिळं उकरली, माणसांनी पोत्यांनी पक्षी मारले, नंतर उंदीर आणि मांजरं आली. काहाऊंची नासधूस थांबवा असा हुकूम तिथल्या गव्हर्नरला डुकराची नाणी निघाली त्याच सुमारास काढावा लागला. तोवर उशीर झाला होता. काहाऊ संपला असंच पुढची तीनशेहून अधिक वर्षं सगळ्यांनी धरलं. १९५१ मध्ये किनाऱ्यालगतच्या उघड्याबोडक्या खडकांवर अठरा जोड्या सापडल्या. शोधणाऱ्यांबरोबर डेव्हिड विंगेट नावाचा पंधरा वर्षांचा शाळकरी मुलगा होता. त्याने पुढे उभं आयुष्य या पक्ष्याला दिलं. नॉनसच नावाच्या छोट्या बेटावर मूळची झाडं पुन्हा लावली, पक्ष्यांसाठी कृत्रिम बिळं बांधली. आज काहाऊच्या शंभरावर जोड्या आहेत. बर्म्युडाने १९७० मध्ये दशमान नाणी काढली तेव्हा एक सेंटवर पुन्हा ते डुक्करच ठेवलं. जुन्या नाण्याची आठवण म्हणून ते ठीकच आहे, पण काहाऊची गोष्ट ठाऊक असलेल्याला तो सेंट वेगळा दिसतो.

पक्ष्याची नाणी काढल्याबद्दल थेट कोर्टाची पायरी चढावी लागली ती लंडीच्या मालकाला. हे बेट फार दूर नाही, इंग्लंडच्या नैर्ऋत्येला ब्रिस्टलच्या खाडीतच आहे. पण मार्टिन कोल्स हार्मन यांनी १९२५ मध्ये ते विकत घेतलं आणि ते आपलं स्वतंत्र राज्य असल्यासारखं वागू लागले. १९२९ मध्ये त्यांनी बर्मिंगहॅमच्या टांकसाळीतून दोन नाणी पाडून घेतली. एकाचं नाव पफिन, दुसऱ्याचं अर्धा पफिन. किंमत एक पेनी आणि अर्धी पेनी. पुढच्या बाजूला राजाऐवजी खुद्द हार्मन. मागे पूर्ण नाण्यावर पफिन उभा आणि अर्ध्यावर नुसतं त्याचं डोकं. प्रत्येकी पन्नास हजार नाणी निघाली. सरकारने १८७० च्या नाणे कायद्याखाली खटला भरला. पाच पौंड दंड झाला. हार्मन वरच्या कोर्टात गेले आणि १९३१ मध्ये तिथेही हरले. नाणी चलनातून गेली आणि लगोलग संग्राहकांच्या हाती आली. नाण्यावरचा पफिन मात्र बेटावरून हळूहळू उतरत गेला. जहाजांतून आलेले उंदीर बिळांतली अंडी आणि पिलं खात. २००० च्या सुमारास दहाहूनही कमी जोड्या उरल्या. २००२ ते २००४ मध्ये उंदीर पुरते हटवले आणि आता तिथे हजारावर पफिन मोजले जातात. नाण्यावरचा पक्षी बेटावर परतल्याचं यापेक्षा समाधान देणारं उदाहरण मला ठाऊक नाही.

चलनातली नाणी म्हणून मला सर्वांत आवडतात ती सेंट हेलेना आणि असेन्शन या बेटांची. दोन्ही बेटं दक्षिण अटलांटिकमध्ये, एकमेकांपासून हजाराहून अधिक किलोमीटर लांब, पण १९८४ पासून नाणी एकच. यातल्या पाच पेन्सवर जोनाथन आहे. हा एक ठरावीक, नावानिशी ओळखला जाणारा, हाडामांसाचा प्राणी आहे आणि नाण्यांवर असं फार क्वचित दिसतं. हे सेशेल्सहून आलेलं महाकाय कासव. १८८२ मध्ये ते सेंट हेलेनाला आलं तेव्हाच पूर्ण वाढलेलं, म्हणजे किमान पन्नाशीचं होतं. त्यावरून त्याचं जन्मवर्ष १८३२ धरतात. गव्हर्नरच्या प्लँटेशन हाउसच्या हिरवळीवर ते राहतं. २०२२ मध्ये बेटाने त्याची एकशे नव्वदी साजरी केली. मोतीबिंदूमुळे दिसत नाही, वास येत नाही, म्हणून पशुवैद्य त्याला हाताने फळं आणि भाजी भरवतात. व्हिक्टोरियापासून तिसऱ्या चार्ल्सपर्यंत सात राजे-राण्यांचा अंमल त्याने पाहिला.  अठरा मिलिमीटरच्या एवढ्याशा नाण्यात कवचाचा घुमट आणि लांब मान नीट ओळखू येते, हे ठसा कोरणाऱ्याचं कसब.

पन्नास पेन्सवर हिरवं समुद्री कासव आहे आणि ते असेन्शनचं. ही कासवं ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ समुद्री गवतावर जगतात आणि अंडी घालायला दोन हजारांहून अधिक किलोमीटर पोहत महासागराच्या मधोमध असलेल्या या ज्वालामुखीच्या ठिपक्यावर येतात. नेपोलियनला सेंट हेलेनावर ठेवलं तेव्हा, १८१५ मध्ये, इंग्रजांनी असेन्शनवर फौज बसवली. किनाऱ्यावर आलेल्या माद्या उलट्या करून पकडायच्या, दगडी हौदांत जिवंत ठेवायच्या आणि जहाजांना मांस पुरवायचं, लंडनच्या बड्या लोकांच्या सूपासाठी पाठवायचं, असा धंदा शंभरावर वर्षं चालला. ते हौद जॉर्जटाउनला अजून आहेत. शिकार थांबली आणि कासवं सावरू लागली. १९७० च्या दशकाच्या अखेरीला एका हंगामात सरासरी ३,७०० च्या आसपास घरटी मोजली गेली होती, २०१० नंतरच्या हंगामांत तोच आकडा २३,७०० च्या घरात गेला.

एक पौंडावर काळ्या पाठीच्या सुरय आहेत. त्यांच्या अखंड कलकलाटामुळे तिथे त्यांना ‘वाइडअवेक’ म्हणतात, आणि अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या धावपट्टीलाही तेच नाव आहे. बहुतेक समुद्रपक्षी वर्षातून एकदा विणीला येतात. असेन्शनच्या या सुरय साधारण साडेनऊ महिन्यांनी येतात, त्यामुळे त्यांच्या विणीचा महिना दर फेरीला मागे सरकत जातो. उंदरांचा बंदोबस्त व्हावा म्हणून आणलेली मांजरं रानटी झाली आणि त्यांनीच पक्षी संपवायला घेतले. २००६ मध्ये बेट मांजरमुक्त जाहीर झालं. बऱ्याच काळापासून फक्त शेजारच्या खडकावर तग धरून असलेले फ्रिगेट पक्षी २०१२ पासून मुख्य बेटावर परत घरटी करू लागले.

इथवरची बहुतेक नाणी बाजारहाटासाठी होती. संग्राहकांसाठीच नाणी पाडायची आणि त्यातून प्राण्यांना मदत करायची, ही कल्पना १९७४ मध्ये मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. जागतिक वन्यजीव निधीच्या साथीने दोन डझन देशांनी चांदीची आणि सोन्याची नाणी काढली, आणि विक्रीतला वाटा संरक्षणाच्या कामाला गेला. मॉरिशसने १९७५ मध्ये पन्नास रुपयांच्या चांदीच्या नाण्यावर आपला केस्ट्रेल घेतला, म्हणजे आपल्या खरुचीच्या कुळातला छोटा शिकारी पक्षी. त्याच्या आदल्याच वर्षी रानात असे फक्त चार पक्षी उरले होते आणि त्यांत अंडी घालणारी मादी एकच. जंगल तुटलं होतं, डीडीटीच्या फवारणीने अंड्यांची कवचं पातळ झाली होती. कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी उचलून पिलं वाढवली, घरट्यांसाठी पेट्या बसवल्या, आणि पक्षी शेकड्यांत गेले. हे नाणं रुपयाचं आहे, कारण मॉरिशसचं चलन एकोणिसाव्या शतकापासून रुपयाच आहे. उसाच्या मळ्यांवर कामाला हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांमुळे तो तिथे रुजला. त्या मजुरांत रत्नागिरीकडची मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात, आणि शाळांतून मराठी शिकवलीही जाते.

आता अशा नाण्यांबद्दल, जी कोणाच्याही खिशात कधी गेलीच नाहीत. साउथ जॉर्जिया या बेटावर कायमची वस्ती नाही. संशोधक आणि थोडे अधिकारी आळीपाळीने येतात. तरी २००० पासून त्याच्या नावाने पेंग्विन, सील, देवमासे यांची नाणी निघत आली. इंग्लंडमधल्या सरे परगण्यातली पॉबजॉय ही खासगी टांकसाळ असेन्शन, ट्रिस्टन दा कुन्हा, ब्रिटिश अंटार्क्टिका अशा अनेक प्रदेशांसाठी २०२३ मध्ये बंद होईपर्यंत ती पाडत होती. या धंद्याची रीत साधी आहे. टांकसाळ प्रदेशाच्या सरकारशी करार करते, चित्र ठरवते, राजाची किंवा राणीची छबी असल्यामुळे राजवाड्याची मंजुरी मिळवते, नाणी पाडते, विकते आणि सरकारला मोबदला देते. नाण्यावर दोन पौंड लिहिलेलं असतं, विकत घेणारा त्याहून कितीतरी जास्त मोजतो. कायद्याने ते चलन असतं, पण ते खर्चायला कोणी काढत नाही.

काही जाणकार अशा नाण्यांना नाणी मानायलाच तयार नसतात. मला ते टोकाचं वाटतं. साउथ जॉर्जियाच्या सरकारची मिळकत मुख्यतः मासेमारीच्या परवान्यांची. त्यात पर्यटक, टपाल तिकिटं आणि नाणी यांची भर पडते. ज्या बेटावर शेतसारा देणारं कोणी नाही त्याने जगभरच्या हौशी लोकांकडून चार पैसे घेतले तर त्यात गैर काय? लोकांच्या पैशाने काय साधतं तेही तिथेच दिसलं. देवमाशांचा धंदा करणाऱ्यांच्या आणि त्यांच्याआधीच्या सीलच्या शिकाऱ्यांच्या जहाजांतून तिथे उंदीर आले होते. हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून २०११ ते २०१५ या काळात त्यांचा नायनाट केला गेला, तो एका धर्मादाय संस्थेने लोकांकडून देणग्या जमवून. २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं आणि तिथला एकमेव गाणारा पक्षी, साउथ जॉर्जिया पिपिट, पुन्हा किनाऱ्याकिनाऱ्यावर ऐकू येऊ लागला.

मात्र एका प्रदेशाची नाणी हातात घेताना मन घट्ट करावं लागतं. ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ असं नाव छापलेली, समुद्री कासवं असलेली नाणी २००९ पासूनच्या काळात निघाली. हा प्रदेश म्हणजे चागोस बेटं. मॉरिशस स्वतंत्र होण्याआधी, १९६५ मध्ये, ती त्याच्यापासून तोडली गेली. दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ व्हावा म्हणून १९६८ ते १९७३ या वर्षांत तिथल्या सगळ्या रहिवाशांना बाहेर काढलं. त्यांची नारळाची वाडी गेली, घरं गेली, कुत्रीसुद्धा मारली गेली. मे २०२५ मध्ये ब्रिटनने बेटं मॉरिशसला देण्याच्या करारावर सही केली. नाण्यावरचं कासव सुंदर आहे, पण ज्या प्रदेशाच्या नावाने ते निघालं तिथे पैसे घेऊन दुकानात जाणारा स्थानिक माणूस ठेवलेला नव्हता. हे ठाऊक असूनही संग्राहकाने ते नाणं ठेवावं. कासवाच्या शेजारी ही नोंदही ठेवावी.

घेणाऱ्याने थोडं सावध राहायला हवं. क्रोझे, बासास दा इंडिया अशा कायमची वस्ती नसलेल्या फ्रेंच बेटांच्या नावाने रंगीबेरंगी प्राण्यांची ‘नाणी’ विकली जातात. ती कोणत्याही सरकारची नसतात, खासगी लोकांनी पाडलेले बिल्ले असतात. संग्राहक त्यांना ‘फँटसी’ म्हणतात. हौस म्हणून घ्यावीत, नाणं समजून घेऊ नयेत. ओळखायची सोपी खूण अशी की त्या प्रदेशाचं सरकार आपल्या अधिकृत यादीत त्यांचा उल्लेख करत नाही. चांदीचं प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेलं, नाणं पुढे भाव वाढेल या आशेने घेऊ नये, कारण बाजारात परत विकताना बहुतेक वेळा धातूची किंमत आणि वर थोडं, एवढंच हाती येतं. त्यापेक्षा वापरून झिजलेली, कडा बोथट झालेली सुटी नाणी घ्यावीत. ती अगदी स्वस्त मिळतात, परदेशी चिल्लरीच्या ढिगातही कधी सापडतात. तुवालूची १९७६ ची मालिका अशीच शोधण्याजोगी आहे: पाच सेंटवर वाघशार्क, वीसवर उडणारा मासा, पन्नासवर ऑक्टोपस, डॉलरवर कासव. सुमारे अकरा हजार वस्तीच्या, समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-तीन मीटर वर असलेल्या त्या प्रवाळबेटांनी सगळ्या नाण्यांवर समुद्रातलेच जीव घेतले, जमिनीवरचा एकही नाही.